गॉलवेच्या सेशनमधली ट्यून ओळखायचीय, आधी भूप वाटतो आणि मग अचानक यमन

व्हायोलिन_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, व्हायोलिन आपल्या म्युझिक कॉलेजात शिकले, आता भजनीमंडळाला आणि अधूनमधून नाट्यपदांच्या कार्यक्रमाला साथ करते. मे महिन्यात लेकीकडे आयर्लंडला गॉलवेला होते दीड महिना. जावई एका संध्याकाळी म्हणाले आई चला तुम्हाला इथलं वाजवणं ऐकवतो, आणि एका पबमध्ये घेऊन गेले. मी लेमोनेड घेऊन कोपऱ्यात बसले आणि मग रात्री साडेअकरापर्यंत उठलेच नाही.

याला तिथे सेशन म्हणतात. स्टेज नाही, माईक नाही, एका टेबलाभोवती सात-आठ जण एकमेकांकडे तोंड करून बसलेले. दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक लाकडी बासरी, एक टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), बँजो आणि एक मोठ्या डफासारखं वाद्य छोट्या काडीने वाजवणारा मुलगा. कोणीतरी एकजण सुरू करतो, दोन-तीन सुरांत बाकीचे आत येतात, सगळे तीच चाल वाजवतात. कोणी नाव सांगत नाही, कोणी मोजत नाही. कॉन्सर्टिनावाल्या आजोबांना विचारून मी फोनवर ३ मिनिटं ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं, मग स्टोरेज संपलं. नंतर त्यांना नाव विचारलं तर म्हणाले पहिलीचं येतंय तोंडावर पण आत्ता नाही सांगता येत, तीस वर्षं वाजवतोय. आणि पुढचं सुरूही केलं.

घरी आल्यापासून रोज ऐकतेय. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी पाचवर (पेटीतली पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी) लावलं की सुरुवात चपखल बसते. मी लिहून काढलंय ते असं:

सासासा सारेग | रेरेरे रेगप | धपप सांपप | धपग पगरे
सासासा सारेग | रेरेरे रेगप | धपप सांपग | रेसानी सा –

पूर्ण भूप, फक्त शेवटी तो नी येतो तिथे मन थबकतं. सुरुवातीचे तीन सा पण सरळ नाहीयेत, त्यात काहीतरी खटका आहे तो मला गजावर जमत नाहीये.

खरी अडचण पुढे आहे. साधारण १ मिनिट ४० सेकंदांना चाल एकदम बदलते. तीव्र मध्यम लागतो आणि वाटतं यमनात गेले, पण यमनासारखं सा ला किंवा ग ला येऊन बसत नाही, सारखं मंद्र धैवतावर जाऊन उभं राहतं:

ध – – ग – – | धगध रेनीप | ध – – ग – – | पमग रेनीप

(म तीव्र, आणि ध नी मंद्रातले, प शेवटचा मंद्र, बाकीचा मध्य.) हे एकाच गाण्याचे अंतरे आहेत का? असतील तर धैवतावर का थांबतात? आणि याचं नाव काय? पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार आहे, तेव्हा मला त्या टेबलापाशी बसून वाजवायचंय. कोणाला माहिती असेल तर नक्की सांगा, मला हे फार मनापासून हवंय.

लिमरिकचा_बडोदेकर

ताई तुमचं नोटेशन वाचून अंगावर काटा आला, मी शिकायला आयर्लंडमध्येच लिमरिकला दोन वर्षं होतो आणि टिन व्हिसल तिथेच उचलली. पहिली ट्यून शंभर टक्के केश जिग (जिग हा तिथल्या नाचाच्या चालीचा एक प्रकार). याला किंकोरा असंही नाव आहे, केश हे आयर्लंडमधल्या स्लायगोकडचं गाव. द बॉथी बँड या आयरिश बँडच्या १९७५ च्या पहिल्या रेकॉर्डची सुरुवातच या ट्यूनने होते, ऐका, लगेच ओळखाल. सेशनला नवीन माणसाने पहिल्यांदा शिकायच्या ज्या चार-पाच ट्यून असतात त्यातली ही एक, त्यामुळे तुमचा हात बरोब्बर योग्य जागी पडलाय.

दुसरी वेगळीच ट्यून आहे, अंतरा नाहीये. तिथे सेट वाजवतात, म्हणजे एका जातीच्या दोन-तीन ट्यून न थांबता एकामागे एक. प्रत्येक ट्यूनचे बहुतेक दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे तुम्ही दोन उभ्या रेघांमध्ये लिहिलाय तेवढा तुकडा) आणि दोनदा वाजतो, म्हणजे एक फेरा ३२ बारचा. साधारण तीन फेरे झाले की पुढची. जिगच्या एका बारमध्ये दोन ठोके, म्हणजे फेऱ्याला ६४ ठोके, मिनिटाला ११५ च्या आसपास लय धरली तर तीन फेऱ्यांना एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. तुमचा बदल १:४० लाच आहे ना! तसंच ३:२० च्या आसपास तिसरी ट्यून सुरू झाली असणार, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधीचे वीस सेकंद नीट ऐका.

आता यमनाचं. तानपुरा पांढरी पाचवरच ठेवून तुम्ही दुसरी ट्यून ऐकताय म्हणून यमन वाटतोय. त्यांनी सा हलवलाय. तानपुरा पांढरी तीनवर लावा आणि तुमचा तो मंद्र धैवत सा माना:

सा – – प – – | सापसा मरेनी | सा – – प – – | नीधप मरेनी

दोन्ही नी कोमल. पुढे ग येईल तोही कोमल असेल, म्हणजे हा काफी थाट. मूर्च्छना आपण शिकतोच की, कल्याणाच्या धैवतावर सा धरला की काफी निघतो, तेच झालंय, फक्त तिथे सूर देणारा तानपुरा नसल्यामुळे नवीन सा कुठे आला हे कोणी सांगत नाही, ट्यून जिथे परत परत येऊन बसते त्यावरूनच कळतं. आणि तुम्ही ते बरोबर पकडलं होतं, धैवतावर उभी राहते म्हणालात ना, तेच उत्तर होतं.

या ट्यूनचं नाव मॉरिसन्स जिग. जेम्स मॉरिसन म्हणून स्लायगोचे फिडलवादक होते, न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांची रेकॉर्डं निघाली. ट्यून त्यांनी बांधलेली नाही, त्यांनी वाजवली म्हणून त्यांचं नाव चिकटलं. नावांचं असंच आहे तिकडे, एका ट्यूनला पाच नावं आणि एका नावाच्या तीन ट्यून. ज्याला नावच नाही तिच्यापुढे गान आन्यम असं लिहितात, आयरिशमध्ये त्याचा अर्थच नाव नाही. त्यामुळे तुमच्या आजोबांना नाव न आठवणं अगदी नॉर्मल.

रावपुरा_तबला

ताई लयीचं मी सांगतो कारण सूर ओळखला तरी लय बसली नाही तर त्या टेबलावर हात आखडेल. जिग म्हणजे सहाची चाल, तीन-तीनची. दादरा म्हणा हवं तर, पण दादऱ्यापेक्षा आपली गरब्यातली हींच जास्त जवळची, तोच झोका. बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री ज्याने हींच ऐकलीय त्याला जिग परकी वाटायचं कारणच नाही. फक्त तीन सुरांतला पहिला जरा लांबवायचा आणि मधला आखूड, तिन्ही सारखे वाजवलेत तर शिवणयंत्र चालल्यासारखं होईल. मी मुलांना तोंडाने म्हणायला लावतो, कचोरी जिलेबी कचोरी जिलेबी, त्यावर केश म्हणून बघा, आपोआप बसते.

बाकी जाती पण ऐकून ठेवा कारण ट्यून ओळखायची म्हणजे आधी जात ओळखायची. रील चारची, आपल्या द्रुत केरव्यासारखी पळते, आणि सेशनमध्ये सगळ्यात जास्त रीलच असतात. हॉर्नपाईप पण चारचाच पण डुलत डुलत, ठुमकत ठुमकत. पोल्का दोनचा, तो कॉर्क आणि केरीकडे जास्त. स्लिप जिग नऊची, तीन-तीन-तीन, तिथे मात्र सवय नसेल तर पाय अडकतो, सहा झाले की आपण सम आली समजतो आणि अजून तीन शिल्लक असतात.

एक विचारायचं होतं लिमरिकवाल्या भाऊला, ताईंबरोबर कोणी तबला घेऊन गेलं तर चालेल का?

लिमरिकचा_बडोदेकर

काका हींचचं अगदी पटलं, मी तिथल्या मित्रांना हींच ऐकवली होती तर त्यांनी त्यावर जिग लावून दाखवली.

तबल्याचं मात्र आधी विचारून. ताईंनी पाहिलेलं ते डफासारखं वाद्य म्हणजे बौरान, एका वेळी एकच वाजावा असं मानतात. गिटार किंवा बुझुकीचंही (गिटारसारखंच तारांचं वाद्य) तसंच, दोघे दोन वेगळ्या कॉर्डमध्ये गेले की चाल चिरडते. तिथे सगळं वजन चालीवर आहे, सगळे मिळून एकच ओळ वाजवतात, प्रत्येकजण थोडी आपली कलाकुसर करतो पण कोणी एकटा पुढे येऊन आलापी-तानबाजी करत नाही, सवाल-जवाब नाही, टाळ्यांची वाट बघणं नाही. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं काय म्हणाल तर मैफल नाही, भजन. ताई तुम्ही भजनीमंडळात वाजवता म्हणजे अर्धं काम झालंय.

बसायची रीत साधी आहे. पहिल्या दिवशी वाद्य पिशवीतच ठेवून जवळ बसा, ऐका, कोणीतरी विचारेलच वाजवता का म्हणून. येत असलेली ट्यून आली की हळू आवाजात सामील व्हा. येत नसेल तर वाजवू नका, शोधत शोधत सूर लावत बसणं तिथे खटकतं, हे मला एका फ्लूटवाल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन समजावलं होतं आणि त्यांचे आभारच मानतो मी. कधीतरी ते म्हणतील तुम्ही सुरू करा, तेव्हा केश हातात असू दे. आणि ज्या लयीत स्वतःला जमते त्याच लयीत सुरू करा, बाकीचे त्याच लयीत येतात.

खटक्याचं राहिलं. तीन सा च्या जागी ते रोल वाजवतात. सा, मग वरच्या सुराचा नुसता स्पर्श, परत सा, मग खालच्याला टिचकी, परत सा, हे सगळं त्याच तीन मात्रांत आणि एकाच गजात. मुरकीसारखं सूर स्वच्छ दाखवायचे नाहीत हे लक्षात ठेवा, वरचा आणि खालचा सूर ऐकू नाही आला तरी चालेल, बोट तारेवर पडल्याचा टक् यायला पाहिजे. आपली बोटं सरकायला शिकलेली असतात, मींड सोडणं हेच पहिले दोन महिने अवघड जातं.

बासरी_अलकापुरी

मधेच येतेय सॉरी पण माझ्याकडे पांढरी पाचची बासरी आहे, हरिप्रसादजींच्या घराण्यातल्या सरांकडे शिकते, मला पण वाजवता येईल का हे? टिन व्हिसल मागवायलाच लागेल का?

लिमरिकचा_बडोदेकर

अगं तुझी बासरी तर तयारच आहे! पांढरी पाचच्या बासरीवर सगळी भोकं बंद केली की पंचम येतो ना, तो पांढरी दोन, म्हणजे डी. तिथून एकेक बोट उचलत गेलीस की जे सूर येतात तेच अगदी आयरिश फ्लूटवर आणि डी च्या व्हिसलवर येतात, बोटंसुद्धा तीच. फरक एवढाच की तुझ्यासाठी तीन बोटांवर सा आहे आणि त्यांच्यासाठी सगळी बंद असताना. तुझा तीव्र म सगळी उघडून येतो, शुद्ध म अर्ध्या भोकावर, तोही चालतो, केशच्या सेटमध्ये बहुतेक लागणारही नाही. सेशनमधल्या बऱ्याचशा ट्यून पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये का असतात त्याचं हे एक मोठं कारण, फ्लूट, व्हिसल, पाईप्स (आयरिश बॅगपाईप) सगळ्यांना तेच सोपं. फक्त बासरी ४४० च्या सुराला (तिकडचं प्रमाण, ए म्हणजे ४४० हर्ट्झ) लागते का ट्यूनरवर बघ, थोडी चढी-उतरी असेल तर कॉन्सर्टिनाशी जमणार नाही कारण तिला सूर हलवता येत नाही.

ताई व्हायोलिनचं पण तेच. तुमच्या तारा सा-प-सा-प वर लावलेल्या असतील तर ते तिथे अडचणीचं होतं. त्यांच्या तारा जी डी ए ई, म्हणजे पांढरी दोनला सा मानलं तर म सा प रे. आहेत त्याच तारा पिळून वर नेऊ नका, तुटतील, पाश्चात्य व्हायोलिनच्या तारांचा वेगळा सेट घाला.

ट्यून शोधायला ट्यूनपॅल नावाचं अ‍ॅप आहे, त्याला बारा-पंधरा सेकंद चाल वाजवून ऐकवायची की संग्रहातल्या हजारो ट्यूनशी ताडून नावं सुचवतं. पबमधलं रेकॉर्डिंग थेट लावलंत तर गोंगाटात गोंधळतं, स्वतः व्हायोलिनवर साधे सूर वाजवून ऐकवा. द सेशन नावाची वेबसाईट पण बघा, तिथे प्रत्येक ट्यूनची सगळी नावं आणि एबीसी नोटेशन मिळतं. एबीसी म्हणजे सरळ अक्षरांत लिहिलेले सूर, मोठं अक्षर खालच्या सप्तकाचं, लहान अक्षर वरच्या, तुम्ही सरगम लिहिता तर अर्ध्या तासात वाचायला लागाल. पण माझं मत विचाराल तर कागद शेवटी. आधी ट्यून पन्नास वेळा ऐका, झोपताना, स्वयंपाक करताना, मग गुणगुणा, मग वाद्य उचला. कागदावरून शिकलेली ट्यून कागदासारखीच वाजते.

रावपुरा_तबला

कागदाबद्दल मी थोडा वेगळा आहे भाऊ. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि गायक मौलाबक्षांनी तिथे नोटेशन लिहून पोरांना शिकवलं, त्यामुळे हजारो घरांत गाणं पोचलं. आयर्लंडमध्ये पण शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली १८५० चाली छापल्या, १९०७ साली १००१ नाचाच्या चालींचं दुसरं पुस्तक काढलं, मी वाचलंय त्याबद्दल. लिहिलं नसतं तर किती चाली गेल्या असत्या. ताईंनी आज सरगम लिहिली म्हणूनच तुला दोन मिनिटांत ओळखता आली ना.

लिमरिकचा_बडोदेकर

ते खरंय काका, शोधायला आणि जपायला कागद हवाच. मी वाजवायला शिकताना म्हणतोय. ओनील स्वतः सूर लिहिण्यात कच्चे होते, ते फ्लूटवर वाजवायचे आणि दुसरे एक ओनील, जेम्स, ते ऐकून लिहायचे. म्हणजे तिथेही आधी कान होता.

व्हायोलिन_दांडियाबाजार

किती किती आभार मानू. काल दुपारी सगळं आवरून बसले, तानपुरा पांढरी तीनवर लावला आणि १:४० पासून लावलं. पहिल्या दोन सुरांतच, तो सा आणि वर प, डोळ्यांत पाणी आलं हो. तीच चाल, तेच रेकॉर्डिंग, तीन महिने ऐकतेय, आणि आज पहिल्यांदा घरात आल्यासारखी वाटली. पुढे कोमल ग पण सापडला, ग – – रेगम | नीमग रेसानी, तुम्ही म्हणालात तस्साच. नंतर गंमत म्हणून परत पांढरी पाच लावून ऐकलं, तर आता मला यमन ऐकूच येत नाही, कान परत तिकडे जायला तयार नाही.

मग ३:२० पासूनचे वीस सेकंद. तिसरी ट्यून खरंच सुरू होते तिथे! आधी सा शोधला, कुठे येऊन बसतेय ते बघत बघत, पांढरी दोन निघाला. मग लिहिलं:

गपप सांपप | धपप सांपम | गपप सांगंरें | सांधध धपम

ट्यूनपॅलला व्हायोलिनवर वाजवून ऐकवलं, दोनदा भलतंच सांगितलं कारण मी सवयीने मींड घेत होते, तिसऱ्यांदा एकेक सूर सुटा वाजवला तर कनॉटमन्स रॅम्बल्स असं नाव आलं. बरोबर आहे का लिमरिकवाले भाऊ?

रोल अजून येत नाहीये. तिसऱ्या बोटाने टिचकी मारते तेव्हा पहिलं बोट उचलतंय. लेकीला फोन करून सांगितलंय की त्या आजोबांना पहिल्या ट्यूनचं नाव केश आहे म्हणून कळव.

लिमरिकचा_बडोदेकर

बरोब्बर ताई, कनॉटमन्स रॅम्बल्सच. तिच्या दुसऱ्या भागात चाल धैवताकडे झुकते, तिथे परत सा हलल्यासारखा वाटेल पण हलवू नका, शेवटी पांढरी दोनलाच येते. रोलसाठी आधी टिचकी सोडून द्या, नुसता वरचा स्पर्श आठवडाभर करा, मग खालचा.

दिवाळीत मी बडोद्याला आहे तीन आठवडे. आमची गच्ची सूरसागरजवळ आहे, रविवारी सकाळी चहा आणि शेवउसळ माझ्याकडून. पब आपल्याकडे नाही तर नाही, टेबल गोल आहे. तुम्ही या, अलकापुरीची बासरी येऊ दे, आणि काका तुम्ही तबला आणाच, इथे कोणाला विचारायची गरज नाही. केश, मॉरिसन्स, कनॉटमन्स, तीन-तीन फेरे, याच क्रमाने.

बासरी_अलकापुरी

मी येतेय. केशचा पहिला भाग झाला, दुसऱ्यात वरचा रे ग घेताना फुंक फाटतेय, तोपर्यंत करते.

रावपुरा_तबला

येतो. लय १०० वरच धरू पहिल्या रविवारी, ११५ ची घाई नको. ताई सुरुवात तुम्ही करा.